जमीन कुणाचा कार्बन सोडतेय? किनवटचं सागवन, ज्वारीचं रान आणि कार्बन-१३

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

झाडाच्या बुंध्याला टेप लावून 'इतका कार्बन साठला' असं सांगणारी मंडळी हल्ली आपल्या भागातही फिरू लागली आहेत. पडीक रानात साग लावा, बांबू लावा, कार्बनचे पैसे मिळतील, असं त्यांचं सांगणं. पैसे मिळतील की नाही, हे या धाग्यात नको. मला बोलायचं आहे ते बुंध्याखालच्या जमिनीबद्दल, कारण टेप तिथं पोचत नाही.

जंगलाची जमीन रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असते. एक तर जिवंत मुळं श्वसन करतात. दुसरं म्हणजे पालापाचोळा, मेलेली मुळं आणि जुना ह्युमस (कुजून मातीत मुरलेला सेंद्रिय भाग) खाणारे जिवाणू आणि बुरशा. दोघांचा वायू मिसळूनच वर येतो. जगभरच्या जमिनींतून असा बाहेर पडणारा कार्बन माणूस कोळसा-तेल जाळून सोडतो त्याच्या जवळपास नऊ-दहा पट आहे. झाडं तो बहुतांश परत ओढून घेतात म्हणून हिशेब जुळतो.

पण हिशेब जुळतोय की बिघडतोय हे निघणारा वायू मोजणाऱ्या नुसत्या मीटरवर कळत नाही. मुळांनी या आठवड्यात पानांकडून आलेली साखर जाळली तर जमिनीचं काही गेलं नाही. जिवाणूंनी पन्नास वर्षांपूर्वीचा ह्युमस खाल्ला तर मुद्दल घटलं. मीटरवर आकडा दोन्ही वेळी सारखाच दिसू शकतो. किती वायू निघाला हे तो सांगतो, कुणाचा निघाला हे नाही.

इथं कार्बन-१३ कामाला येतो. निसर्गातला सुमारे ९८.९ टक्के कार्बन १२ वजनाचा आणि सुमारे १.१ टक्के १३ वजनाचा. दोन्ही स्थिर, किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे हाताळायला भीती नाही. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हलका कार्बन जास्त पसंत करतात, पण सगळ्या सारख्या प्रमाणात नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या रीतीवरून त्यांचे सी-३ आणि सी-४ असे दोन मोठे गट पडतात. साग, धावडा, सालई, मोह, पळस, कापूस, तूर, सोयाबीन, गहू, हरभरा ही सगळी सी-३ मंडळी. त्यांचा डेल्टा कार्बन-१३ साधारण उणे २७ प्रतिहजारच्या आसपास असतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, कुसळी आणि मारवेल गवत ही सी-४. त्यांचा आकडा उणे १३ च्या आसपास. डेल्टा म्हणजे एका ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा कार्बन-१३ किती कमी-जास्त आहे ते. तो मूळ नमुना अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या पीडी खडकातला बेलेम्नाइट जीवाश्म होता.

उणे २७ आणि उणे १३. मधे १४ चं अंतर. यंत्र ०.१ पर्यंतचा फरक सांगतं, तेव्हा हे अंतर फार मोठं आहे.

आता आपल्याकडचं चित्र बघा. किनवट-माहूरकडं सागाचं जंगल आणि त्याला लागूनच पिढ्यान् पिढ्या ज्वारी घेतलेली रानं. कुठं जुन्या ज्वारीच्या रानावर साग लावलेला, कुठं गायरानाच्या गवतावर वनीकरण झालेलं. अशा ठिकाणी जुना कार्बन ज्वारीच्या किंवा गवताच्या खुणेचा आणि नवा कार्बन झाडाच्या खुणेचा. जमिनीतून निघणाऱ्या वायूचा डेल्टा मोजला की दोन्हींचा वाटा काढता येतो. समजा जुन्या मातीचा वायू उणे १३, सागाच्या मुळांचा आणि पाल्याचा उणे २७, आणि मोजलेला वायू उणे २१ आला. तर झाडाचा वाटा ८ भागिले १४, म्हणजे ५७ टक्के. उरलेले ४३ टक्के जुन्या ज्वारीच्या कार्बनाचे. हे आकडे केवळ गणित दाखवायला घेतले आहेत.

थंड प्रदेशातल्या जंगलांत झाडंही सी-३ आणि जमिनीत जुनं जे काही तेही सी-३. तिथल्या संशोधकांना हे अंतर मुद्दाम तयार करावं लागलं. नॉर्थ कॅरोलायनामधल्या ड्यूक जंगलात १९९६ पासून पाइनच्या झाडांवर जीवाश्म इंधनापासून मिळवलेला, कार्बन-१३ कमी असलेला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं सोडत राहिले, तेव्हा नवा कार्बन ओळखता येऊ लागला. उत्तर स्वीडनमध्ये होगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या सालीचं कडं काढून मुळांकडं जाणारी साखरच तोडली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एक-दोन महिन्यांत जमिनीचं श्वसन निम्म्याहून जास्त उतरलं. आपल्याला ना वायूच्या टाक्या लागतात ना झाडं मारावी लागतात. आपल्या शेतकऱ्यांनी ज्वारी पेरून हा प्रयोग आधीच मांडून ठेवला आहे, आणि त्याकडं कुणी बघावं असं मला फार वाटतं.

अडचणीही आहेत, विशेषतः चुनखडीची. पण आधी तुम्ही लिहा.

रसायनवाला_लातूर

विषय आवडला. एक शंका. जमिनीतून निघणारा वायू गोळा करायला बंद डबा जमिनीवर ठेवला की त्यात आधीची हवा असतेच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा डेल्टा साधारण उणे ८.५ असतो ना? मग डब्यातला नमुना हा जमीन आणि हवा यांची मिसळ झाला. जमिनीचा निव्वळ आकडा वेगळा कसा काढणार?

पैनगंगाकाठ

त्याची रीत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ च्या शोधनिबंधात दिली आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे तेच. डबा झाकल्यावर थोड्या थोड्या वेळानं नमुने घ्यायचे. वायू वाढत जातो तसा डेल्टा उतरत जातो. आडव्या अक्षावर १ भागिले प्रमाण, उभ्या अक्षावर डेल्टा. बिंदू सरळ रेषेत येतात आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथं छेदते तो जमिनीतून येणाऱ्या वायूचा डेल्टा.

आकड्यांत बघा. सुरुवातीला ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग), उणे ८.५. जमिनीतून उणे २५ चा आणखी ४२० पीपीएम आला तर डब्यात ८४० पीपीएम, डेल्टा उणे १६.७५. हे दोन बिंदू जोडून रेषा मागं नेली की बरोबर उणे २५ वर पोचते. मात्र डब्यातलं प्रमाण चांगलं वाढू द्यावं लागतं. ४२० वरून ४६० वरच थांबलात तर रेषा फार लांब ओढावी लागते आणि मोजमापातली बारीक चूक उत्तरात मोठी होऊन बसते.

शिवार_जिंतूर

दादा, गणित मला अर्धंच कळालं पण मुद्दा कळाला. दोन गोष्टी सांगतो, शेतात राहणारा माणूस म्हणून.

एक. ज्वारीचं रान म्हणता, पण निव्वळ ज्वारी कुणीच घेत नव्हतं. ज्वारीत तुरीचं पाटं असायचं, पुढल्या साली कापूस, कधी हरभरा. माझ्या आजोबाच्या वेळी रब्बीला मालदांडी आणि खरिपाला मूग-उडीद. आता तर आमच्याकडं खरिपात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. मग तुमचं उणे १३ कुठून येणार?

दोन. शेणखत. जनावरं खातात कडबा. कडबा ज्वारीचा. ते शेण तुम्ही कापसाच्या रानात टाकलं तर कापसाच्या रानात ज्वारीचा कार्बन गेला की नाही? आणि हीच जनावरं जंगलात चरायला जातात. तिथंही शेण पडतं. किनवटच्या जंगलात गुरं किती जातात ते तुम्हाला माहीत असंलच.

मृदा_परभणी

शिवार यांचे दोन्ही मुद्दे अगदी बरोबर. मी मृदाशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिकांच्या फेरपालटीमुळे आपल्या काळ्या मातीतला सेंद्रिय कार्बन निव्वळ सी-४ कधीच नसतो, दोन टोकांच्या मधे कुठंतरी असतो. म्हणून पुस्तकातला उणे १३ वापरायचा नाही. शेजारच्या, अजून शेतीखाली असलेल्या, त्याच प्रकारच्या आणि त्याच उताराच्या रानातली माती घ्यायची, मुळं वेचून काढायची, ओलावा देऊन बंद बाटलीत ठेवायची आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूचाच डेल्टा मोजायचा. ते झालं तुमचं जुन्या बाजूचं टोक. तसंच सागाची बारीक मुळं आणि पाला वेगळे मोजून नव्या बाजूचं टोक. दोन टोकांतलं अंतर १४ ऐवजी ८ उरलं तरी काम होतं, फक्त उत्तराची खात्री कमी होते आणि नमुने जास्त लागतात. अंतर ३-४ वर आलं तर ती जागा सोडून द्यावी.

शेणाचा डेल्टा जनावरानं खाल्लेल्या चाऱ्याच्या जवळ राहतो, हेही खरं. गुरांच्या वाटेवरचे, पाणवठ्याजवळचे भाग टाळावेत. बांधावरचं निवडुंग आणि घायपातही लक्षात ठेवा. ती तिसऱ्याच प्रकारची, रात्री कार्बन डायऑक्साइड घेणारी सीएएम वनस्पती. त्यांचा आकडा बऱ्याचदा सी-४ च्या जवळ जातो.

सोयाबीनबद्दल मात्र मी शिवारपेक्षा उलट बाजूनं बघतो. ज्या शिवारात ज्वारी बंद होऊन सोयाबीन सुरू झालं तिथं सी-४ वरून सी-३ कडं बदल झाला आणि तो कोणत्या साली झाला हे घरातल्या माणसाला सांगता येतं. जुना कार्बन किती वेगानं संपतो हे मोजायला याहून चांगली जागा कोणती?

आता चुनखडी. पैनगंगाकाठ यांनी ती शेवटी एका ओळीत उरकली, पण मला तीच सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. आपल्या बेसॉल्टच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे भरपूर असतात. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, फसफसतं. तो फेस कार्बन डायऑक्साइडचाच. म्हणजे जमिनीत सेंद्रिय नसलेला कार्बनही आहे, आणि तो तुमच्या डब्यात शिरू शकतो. युरियासारख्या खतातल्या नत्राचं नायट्रेट होताना आम्लता तयार होते, ती चुनखडी खाते आणि वायू सुटतो.

पैनगंगाकाठ

सर, चुनखडीवर स्वतंत्र प्रतिसाद लिहायचाच होता, आता इथंच लिहितो. ती सगळ्यात गंभीर का, हे आकड्यांतच दिसतं.

जमिनीतला कार्बन डायऑक्साइड वर सरकताना हलका रेणू जरा वेगानं निसटतो. फरक ४.४ प्रतिहजार. त्यामुळे खोलवर साठून राहिलेला वायू, बाहेर पडणाऱ्या वायूपेक्षा निदान ४.४ नं जड असतो. सर्लिंग यांनी १९८४ मध्ये हे नीट मांडलं. त्या वायूपासून चुनखडी तयार होताना २५ अंश तापमानाला आणखी सुमारे १० ची भर पडते. दोन्ही मिळून १४-१५. म्हणजे निव्वळ झाडांखाली, उणे २७ च्या वायूत तयार झालेली चुनखडी उणे १२ च्या आसपास येते.

आणि ज्वारीचा आकडा उणे १३!

जुन्या जंगलाखालच्या चुनखडीतून थोडा वायू निघाला तर यंत्राला तो ज्वारीचा वाटेल. आपण लिहून मोकळे होऊ की जुना शेतीतला कार्बन अजून निघतोय, आणि प्रत्यक्षात तो असेल दगडाचा. जुनं टोक बाटलीत मोजलं तरी ही गफलत सुटत नाही, कारण त्या बाटलीतल्या मातीतही तीच चुनखडी आहे.

यातून वाटा तीन. पहिली आणि सगळ्यात सोपी म्हणजे जागेची निवड. डोंगरउतारावरची हलकी, मुरमाड, आम्ल टाकल्यावर न फसफसणारी जमीन घ्यायची. किनवटच्या टेकड्यांवर किंवा गौताळ्याकडं कन्नडच्या उतारांवर अशी जागा शोधता येईल. दुसरी, मातीतला सेंद्रिय कार्बन मोजण्याआधी आम्लानं चुनखडी घालवणं, पण हे मातीच्या नमुन्याला चालतं, जिवंत जमिनीच्या श्वसनाला नाही. तिसरी वाट किरणोत्सर्गी कार्बन-१४ ची. त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं. जुन्या चुनखडीत तो फारच कमी उरलेला असतो आणि गेल्या काही दशकांच्या ज्वारीत भरपूर. दोन्ही समस्थानिक (कार्बनचेच वेगळ्या वजनाचे प्रकार) एकत्र मोजले तर दगड आणि ज्वारी वेगळे पडतात. पण खर्च वाढतो, म्हणून माझा कल पहिल्या वाटेकडंच.

रसायनवाला_लातूर

म्हणजे नळी खुपसून ३० सेंटिमीटरवरचा वायू काढला आणि तो उणे २०.६ आला, तर स्रोत उणे २५ धरायचा? आणि तोच वायू वर डब्यात उणे २५ दिसेल?

पैनगंगाकाठ

हो, ओलावा आणि वायूचं प्रमाण बराच वेळ स्थिर असेल तर. पाऊस पडून छिद्रं नुकतीच भरली असतील तर हे समीकरण काही काळ लागू होत नाही. अगदी वरच्या थरात तर बाहेरची हवाही शिरलेली असते, तिचाही हिशेब करावा लागतो. दोन्ही ठिकाणी मोजून ताळा करता आला तर उत्तम.

रानवाट_माहूर

माझे वडील जंगल खात्यात होते, लहानपण माहूरच्या बाजूच्या जंगलातच गेलं. शास्त्र मला येत नाही, पण विचारते. सागाची पानं फेब्रुवारीपासून गळतात, मे महिन्यात जंगल उघडं पडतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पाला पेटवलेलाही दिसतो. मग मृगाचा पहिला पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत जमिनीवर बुरशी, किडे, सगळं एकदम दिसायला लागतं. त्या दिवसांत जमिनीचा श्वासही वाढत असेल का? आणि पाला जळालेला असला तर?

पैनगंगाकाठ

ताई, तुम्ही जे बघितलं आहे त्यावर जगभर अभ्यास झाला आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये मांडलं की वाळलेली माती ओली झाली की कार्बन डायऑक्साइडचा एकदम लोंढा येतो. आज त्याला त्यांच्याच नावानं ओळखतात. उन्हाळ्यात मेलेल्या जिवाणूंचं खाद्य मोकळं होतं. कोरड्यात तग धरलेले जिवाणू पेशींत साठवलेली द्रव्यं सोडून देतात, आणि ढेकळं फुटून आत दडलेला सेंद्रिय भागही उघडा पडतो.

मराठवाड्यात या लोंढ्याला वेगळं महत्त्व आहे. पहिल्या पावसाच्या वेळी सागाला पानं नसतात, म्हणजे मुळांना ताजी साखर जवळपास नाही. तेव्हा जो वायू निघतो तो बहुतांश जिवाणूंचा. जुन्या ज्वारीच्या जमिनीवरच्या सागवनात त्या दिवसांत डेल्टा ज्वारीकडं झुकला तर समजायचं की जुनं मुद्दल खर्च होतंय. पुढं पानं फुटली, मुळांकडं साखर जाऊ लागली की तो सागाकडं सरकायला हवा. निव्वळ दोन टोकांच्या गणितात पाला आणि मुळं एकाच बाजूला पडतात, ती या ऋतूच्या खेळात वेगळी करता येतील, अशी माझी आशा आहे. पाला जळालेला असेल तर नव्या बाजूचं खाद्य कमी झालं, त्यामुळे जळालेला आणि न जळालेला तुकडा वेगळाच ठेवावा लागेल.

आणि पावसाचा खंड. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आठवडेच्या आठवडे दडी मारतो. तेव्हा पानांची रंध्रं मिटतात, आतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि पानाला निवड करायला वाव राहत नाही. फार्कर यांच्या १९८२ च्या सूत्रानं, पानाच्या आतलं प्रमाण बाहेरच्या ०.७ वरून ०.५ वर आलं तर साखरेचा डेल्टा साधारण ४.५ नं बदलतो. ही साखर मुळांपर्यंत जायला वेळ लागतो. स्वीडनच्या जंगलात जमिनीच्या वायूचा डेल्टा एक ते चार दिवसांपूर्वीच्या हवेतल्या आर्द्रतेशी जुळला, आणि अमेरिकेच्या ओरेगॉनमध्ये पूर्ण जंगलाच्या श्वसनाचा डेल्टा पाच ते दहा दिवसांपूर्वीच्या हवेच्या कोरडेपणाशी. किनवटच्या सागाला किती दिवस लागतात हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. दुष्काळी भागातल्या झाडानं पाऊस थांबल्यावर मुळांना पोसणं कधी आखडतं घेतलं, हे झाड न तोडता दिसू शकेल.

मृदा_परभणी

इथं एक सावधगिरी. खंडामुळे सागाचा आकडा ४-५ नं वर सरकला तर तो ज्वारीच्या दिशेनंच सरकतो. म्हणजे दुष्काळही जुन्या कार्बनासारखा दिसेल. त्यामुळे सागाच्या बाजूचं टोक एकदाच मोजून वर्षभर वापरू नका. प्रत्येक वेळी बारीक मुळं खणून त्यांचा वायू वेगळा मोजा.

अजून एक. हवेचा डेल्टाच औद्योगिक काळापूर्वी उणे ६.५ च्या जवळ होता, आज उणे ८.५. जुन्या वनस्पतींचा कार्बन त्यामुळे तसाच थोडा जड. शिवाय खोल जावं तशी मातीही एक-दोन-तीन नं जड होत जाते. जिथं कधीच शेती झाली नाही असं जुनं सागवन तिसरं ठिकाण म्हणून घेतलंत, तर हे सगळे सरकणारे आकडे वजा करता येतील.

पैनगंगाकाठ

तिसरं ठिकाण पक्कं. सर, हे आराखड्यात नव्हतं, आता घालतो.

शिवार_जिंतूर

काळ्या रानाच्या भेगांचं काय? उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. डबा भेगेवर ठेवला तर खालून कुठलाही वारा येईल.

मृदा_परभणी

बरोबर. भेगेतून खोलवरचा, जड झालेला वायू थेट वर येतो आणि पालाही वरून त्याच भेगेत पडतो. काळी माती फुगते-आकसते तशी स्वतःच वर-खाली मिसळत राहते. म्हणूनही मी हलक्या जमिनीच्या बाजूनं आहे. काळ्या जमिनीवर मोजायचंच झालं तर पाऊस पडून भेगा मिटल्यावर.

नवखा_हिंगोली

एमएस्सीला आहे. आमच्या कॉलेजात असं यंत्र नाही. मग आम्ही यातलं काहीच करू शकत नाही का?

पैनगंगाकाठ

बरंच करू शकता. डेल्टा मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक मोठ्या संस्थांतच असतो. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था इथं स्थिर समस्थानिकांवर काम चालतं. मार्गदर्शकांमार्फत आधी पत्रव्यवहार करून, नमुने घेतील का हे विचारून मगच रानात उतरा. नमुना घेणं हे मात्र तुमचंच काम, आणि अर्धं यश तिथंच ठरतं.

डबा बसवायला बोअरच्या जाड केसिंग पाइपचे तुकडे कापून कडी करा. ती जमिनीत काही सेंटिमीटर ठोकून बरेच दिवस तशीच राहू द्या, म्हणजे ठोकताना तुटलेल्या मुळांचा वायू निवळेल. कड्याच्या आतलं हिरवं गवत मुळासकट न उपटता वरून कापा. वारुळाजवळ कडं नको, वाळवीचा स्वतःचाच श्वास मोठा असतो. झाकण अपारदर्शक, बसवताना दाब नको. वायू इंजेक्शनच्या सुईनं रबरी बुचाच्या १२ मिलिलिटरच्या काचेच्या कुप्यांत भरा. कुपी आधी हेलियमनं धुतलेली किंवा निर्वात केलेली असावी, आणि भरल्यावर जास्त दिवस पडून राहू नये, रबरातून वायू झिरपतो. नमुन्यांबरोबर डेल्टा माहीत असलेला प्रमाण वायूही तशाच कुप्यांत भरून सोबत न्या-आणा. प्रवासात काही बिघडलं तर त्यावरून कळेल.

जंगलात कडी ठोकायला वन विभागाची परवानगी लागते, अभयारण्यात तर नक्कीच. त्याला वेळ लागतो, अर्ज मृगाच्या खूप आधी करा.

शिवार_जिंतूर

माझ्या भावकीतल्या एकाचं डोंगराकडंचं हलकं रान आहे. त्यानं अर्ध्यात साग लावलाय, अर्ध्यात अजून ज्वारीच घेतो. मधे फक्त एक बांध. आम्ल टाकून बघायला कधी येता?

पैनगंगाकाठ

दादा, साग कोणत्या साली लावला आणि त्याआधी तिथं कोणकोणती पिकं होती, तेवढं त्यांना विचारून ठेवा. खत कुठलं टाकत होते तेही. मी आम्लाची बाटली घेऊन येतो, आणि सर, तुम्हाला जमलं तर तुम्हीही परभणीहून चला.

मृदा_परभणी

येतो. बांधावर निवडुंग आहे का तेही विचारून ठेवा.